भरती नसलेला खेळ

पाऊस लागला की आमचे दाजी माळ्यावर चढायचे आणि सुंभाने स्वतःला खांबाला बांधून घ्यायचे. सुंभ म्हणजे आपला काथ्याचा दोर. कमरेला दोन वेढे, मग खांबाला वेढा, मग गाठ. पाऊस थांबेपर्यंत नारळांच्या ढिगात तसेच बसून राहायचे. आता कोकणातला पाऊस काही विचारून थांबत नाही. तेव्हा सासरा किती वेळ माळ्यावर आणि सून किती वेळा ताट घेऊन शिडीवर, याचा अंदाज तुम्हीच करा. मी चिडायचे, बडबडायचे, आणि ताट घेऊन पुन्हा चढायचे.

दाजी माझे सासरे. अख्खी वाडी त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही. आमची वाडी वालावलच्या खाडीकाठी. भरतीचं खारं पाणी इथपर्यंत चढतं, म्हणून शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध घातलेला आहे. त्या बांधाला एका जागी उघाडी आहे: दोन दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. शेतात पावसाचं पाणी तुंबलं की ओहोटीला फळ्या काढायच्या, पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती लागायच्या आत फळ्या परत बसवायच्या. वेळ चुकली तर खाडी घरात. लग्न होऊन मी आले तेव्हापासून हे काम दाजींचंच पाहिलं. तिथी सांगा, दाजी जेवता जेवता भरती कधी ते सांगायचे. घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नाही.

दोन हजार पाचच्या जुलैत, भरदुपारी, बांधाला खांड पडली. सासूबाई गोठ्यातली गाय सोडायला धावल्या आणि दाजी त्यांच्या मागून. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभी होते. दाजींनी त्यांचा हात धरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग गोठ्याची भिंत बसली, गढूळ पाण्याचा लोट आला, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा दाजी एका हाताने माड कवटाळून उभे होते. दुसरा हात तसाच पुढे होता, रिकामा. सासूबाई खाली खाडीकाठच्या कांदळाच्या झाडीत सापडल्या. गाय मात्र जगली. तिच्याकडे बघवेना, म्हणून आम्ही ती देऊन टाकली.

तेव्हापासून उघाडी शेजारच्या लवूकडे गेली आणि दाजी माळ्यावर गेले. फारसं बोलत नसत. माळ्यावर मात्र एकच वाक्य पुटपुटायचे, पाऊस असेपर्यंत: "पारू, हात सोडू नको. पारू, हात सोडू नको." सासूबाईंचं नाव पार्वती. वर्षभरात ते नाव घरात दुसऱ्या कोणी उच्चारलं नव्हतं. मी तर सून, त्या असतानाही मी ते कधी तोंडावर घेतलं नव्हतं. माझे यजमान सत्यवान गोव्यात हॉटेलात कामाला, रविवारी कधी येतात कधी नाही. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "दाजींच्या म्होरं आयेचां नाव काढू नको हां. काळीज बंद पडात तेंचां."

मी घरबसल्या लग्नपत्रिका करते. ओटीवर माझा कॉम्प्युटर आहे. पावसाळ्यात लग्नं नाहीत, त्यामुळे यंत्र रिकामं आणि मीही. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी पुराच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये सहज घालून पाहिली तर तिच्यात एक खेळ निघाला. पूर येऊन गेलेलं घर, खोल्यांतून मांडीभर तपकिरी पाणी, त्यात खुर्च्या तरंगताहेत. आपण पंप लावायचा, मोरीचं भोक मोकळं करायचं, बादलीने उपसायचं, मग झाडू, मग पुसणं. मागे हळू आवाजात पियानो. ना वेळेची घाई, ना गुण, ना हरणं. घर कोरडं झालं की खिडकीतून ऊन येतं आणि एक पिवळी मांजर येऊन चटईवर बसते. बस्स.

आधी मला संताप आला. आमच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून दिसते, दोनदा चुना काढूनही जात नाही, आणि कुणा शहाण्याने पूर उपसायची मौज काढली आहे! पण हात काही थांबेना. खरं सांगते, त्या वर्षभरात मला धड झोप नव्हती. पागोळ्यांचा आवाज जरा बदलला तरी उठून खळ्यात पाणी चढलं का ते बघायचे. खेळात पाणी बोट बोट उतरायचं, खालची फरशी दिसू लागायची, आणि माझा श्वास खाली बसायचा. एक घर झालं की मी दुसरं घ्यायचे.

एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि मी खेळत होते. पाठीमागे शिडी करकरली. दाजी खाली आले होते, पाऊस चालू असताना. कमरेचा सुंभ मागे फरफटत होता.

"काय गो ह्यां?" त्यांनी विचारलं.

"खेळ आसा, दाजी. पाणी काढूचो."

ते खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. पाणी सरलं, ऊन आलं, मांजर आली. दाजी म्हणाले, "ह्यां पाणी खंय जातां?"

माझं लक्ष दुसऱ्या घराकडे. मी तुटकपणे म्हटलं, "खंय जातलां? जातां आणि सरतां."

"सरतां?"

"व्हय. सरतां."

"माका दाखय," दाजी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

माऊस धरायला त्यांना चार दिवस लागले असतील. हात मोठा, माऊस तळव्याखाली दिसेनासा व्हायचा. पण एकदा जमलं तेव्हा मला खुर्ची मिळेनाशी झाली. सकाळी चहा झाला की दाजी ओटीवर. पाऊस लागला तरी ओटीवरच. सुंभ माळ्यावर पडून राहिला. जेवण पानावर बसून होऊ लागलं, तिखट कमी आहे अशी तक्रारही होऊ लागली, आणि मला ती इतकी गोड लागली की मी मुद्दाम दोनदा तिखट कमी घातलं. फोनवर यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "देव पावलो."

मलाही वाटलं, पावला.

पुढच्या एका घराला शेत होतं, शेताला बांध, आणि बांधाला लाकडी दार. दाजी ते बघून चक्क हसले. "उघाडी!" म्हणाले. बाण दारापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. "भरती खंयच्या टायमाक आसा?"

"हंय भरती नाय, दाजी."

"नाय म्हणजे?"

"खेळात खाडीच नाय. दार काढा, पाणी जातलां."

बराच वेळ ते पडद्याकडे बघत बसले. मग कळ दाबली. दार वर गेलं, पाणी सरसर बाहेर गेलं, मांजर आली. दाजींनी तेच शेत पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्या दिवशी ते शेत त्यांनी किती वेळा रिकामं केलं, मी मोजलं नाही. चेहऱ्यावर लहान मुलाला गूळ दिल्यासारखा आनंद. भरतीचं त्यांनी परत विचारलं नाही.

आषाढ लागल्यावर लवू आला. उघाडी त्याच्याकडे असली तरी तिथीवरून सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, मेळ त्याला अजून धड बसत नव्हता. खळ्यातूनच ओरडला, "दाजीनू, उद्या सुकती कधी लागात? फळयो कधी काढू?"

दाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "कधीय काढ रे. जातां तां."

लवू हसला, त्याला ती थट्टा वाटली. मी पण हसले, पण माझं हसू अर्ध्यावर थांबलं. दाजींनी भरतीची थट्टा कधी केली नव्हती. देवाची केली असती, पण भरतीची नाही. मी लवूला पायरीपर्यंत पोचवायला गेले आणि म्हटलं, "लवू, तेंका विचारू नको आता. दुसऱ्या कोणाक विचार." तो गेला. मी ओटीवर आले तर पियानो वाजत होता, आणि पहिल्यांदाच मला तो नकोसा वाटला. सीडी काढून पेटीत टाकावी, असं मनात आलं. पण सीडी काढली तर दाजी माळ्यावर जातील. मी काढली नाही.

मग आली दिव्यांची अवस. त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून संध्याकाळी लावतात. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. शेतं भरून पाणी आमच्या खळ्याच्या खालच्या पायरीला लागलं होतं, आणि अवसेचं उधाण दुपारी चढणार होतं. ओहोटी लागेपर्यंत शेतातल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. मी सकाळपासून दर थोड्या वेळाने पायरी बघून येत होते. एक पायरी बुडाली, राहिली अजून एकच. सासूबाई गेल्या त्या दिवशी असाच पाऊस होता, असाच वास होता. दाजी मात्र पडद्यावरचं शेत रिकामं करत बसलेले, पावसाला पाठ करून.

दहा-साडेदहाला वीज गेली. पडदा काळा झाला.

"पाणी रवलां," दाजी म्हणाले.

"लाईट येतली, मगे करा."

"अर्धां रवलां गो. मांजर येवक नाय."

"येतली म्हटलंय ना, दाजी! बसा गप." मी जरा जोरातच बोलले. माझं लक्ष पायरीकडे होतं. मग मन कशात तरी गुंतवायला मागच्या पडवीत जाऊन चिंच लावून समया घासायला बसले. पाऊस कौलं बडवत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

समया घासून पुढे आले तर खुर्ची रिकामी.

मला आधी बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, भ्यायले, गेले माळ्यावर. शिडी चढले. माळ्यावर नारळ होते आणि खांबाच्या बुडाशी सुंभ पडलेला होता, गाठ सुटलेली. दाजी नव्हते. खाली येऊन भिंतीकडे पाहिलं. फळ्या उचलायची लोखंडी आकडी वर्षभर खुंटीला टांगलेली होती. ती खुंटी मोकळी होती.

फोन उचलला तर मुका. लवूच्या घराकडे तोंड करून ओरडले, "लवू! दाजी उघाडीर गेले! लवू!" पावसाने हाक खळ्यातच पाडली. मला पोहता येत नाही. त्या पुरानंतर मी विहिरीवरही काठापासून लांब उभी राहते. तरी माळ्यावरून सुंभ काढून खांद्यावर घेतला आणि निघाले, कारण दुसरं कोणी नव्हतं.

बांध म्हणजे वीतभर रुंदीची निसरडी वाट. एका हाताला आमची शेतं, पाण्याखाली गेलेली. दुसऱ्या हाताला खाडी. ती शेतापेक्षा उंच होती, पुरुषभर नाही पण कंबरभर नक्की, आणि चढत होती. तिच्यातून झावळ्या, ओंडके, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर उलट्या दिशेने, वर वर चाललं होतं. भरती भरात होती. मी बसून, हातांनी गवत धरून, सरपटत पुढे गेले. रडत होते की पाऊस होता, ठाऊक नाही. तोंडी देवाचं नावही येत नव्हतं.

दाजी उघाडीच्या फळ्यांवर उभे होते. वरची फळी त्यांनी काढली होती. त्या फटीतून खाडी आत कोसळत होती, त्यांच्या गुडघ्यांना आपटत, आमच्या शेतात. खालची मातीही सुटायला लागली होती. अजून एक फळी निघाली असती तर दाजी आत ओढले गेले असते, मागोमाग बांध, मागोमाग वाडी. आणि ते वाकून दुसऱ्या फळीत आकडी अडकवत होते.

"दाजी! भरती आसा! भरती!"

त्यांनी वर पाहिलं. ते हसत होते. असं शांत, निवांत तोंड मी त्यांचं पुरानंतर पाहिलं नव्हतं. "जातां बघ," ते म्हणाले. "जातां आणि सरतां."

"जाणा नाय, दाजी, येतां! आत येतां! बघा तरी!"

"आता ऊन येतलां," ते म्हणाले आणि आकडी ओढली. फळी करकरली.

मी खूप ओरडले. लवूचं नाव घेतलं, यजमानांचं घेतलं, आईबापाची आण घातली, शिव्या घातल्या. मुलाला बोलावतात तसं बोलावलं. काही म्हणता काही त्यांच्यापर्यंत पोचेना. भीती नावाची गोष्ट त्या माणसात उरलीच नव्हती. मीच त्यांना खुर्चीत बसवून ती काढून घ्यायला मदत केली होती, आणि आता तीच एक त्यांना वाचवू शकली असती. फळीचं एक टोक वर आलं.

मग मी ते केलं. माझ्या तोंडातून ते नाव आयुष्यात पहिल्यांदा निघालं.

"पारू!" मी किंचाळले. "पारू, हात सोडू नको!"

दाजी थांबले. आकडी तशीच हातात. मी पुन्हा ओरडले, त्यांच्याच आवाजाची ओढ आणून, माळ्यावर वर्षभर ऐकलेली: "पारू, हात सोडू नको! पारू, हात सोडू नको!"

त्यांनी खाली पाहिलं. पाण्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि त्या जागी जे आलं ते बघून मलाच डोळे मिटावेसे वाटले. आकडी सुटली, पाण्यात गेली. मग ते त्या फळ्यांवर मटकन बसले आणि दगडी खांबाला मिठी मारून राहिले. त्यांच्या वजनाने वर आलेली फळी पुन्हा खाली बसली.

मी पुढे सरकले, सुंभ त्यांच्या कमरेला घातला, बांधावरच्या माडाला दुसरं टोक घातलं आणि हाताला धरून त्यांना ओढत आणलं. त्यांची बोटं माझ्या मनगटात इतकी रुतली की काळे डाग उठले. ते मला "पारू" म्हणत होते. मी "व्हय" म्हणत होते. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात उधाण बघायला निघालेला लवू पोचला, आणखी दोघेतिघे होते. त्यांनी वरची फळी बसवली, फटीत गोणती आणि माती भरली. दुपारनंतर ओहोटी लागली, उघाडी नीट उघडली, पाणी उतरलं. आमच्या घरात ते आलंच नाही, वरच्या पायरीवरून परत गेलं. संध्याकाळी मी दिवे लावले. लवूची बायको म्हणाली, "वाचलव गो बाय." वाचलोच.

दाजी माळ्यावर गेले ते गेले. ताट वर, पाणी वर. श्रावणात वीज सुरळीत झाली तेव्हा मी मुद्दाम खेळ लावला, पियानो जरा मोठा केला. वरून नारळ आपटल्याचा आवाज आला. "बंद कर तां!" मी बंद केला. मग सीडी चुलीत घालायला गेले, पण तिचा वास सुटेल म्हणून मोडून केरात टाकली.

ऊन पडलेल्या एका दुपारी जेवण घेऊन चढले तेव्हा दाजी माझी वाट बघत असल्यासारखे बसले होते.

"तू तिचां नाव घेतलंस," ते म्हणाले.

"घेतलंय."

"बरां केलंस." मग म्हणाले, "मी इसारलंय होतंय गो. सगळां इसारलंय होतंय. बरां वाटा होतां."

मी ताट खाली ठेवलं.

"तू खळ्यात होतंस त्या दिवशी," दाजी म्हणाले. "तू बघितलंस. सांग माका. हात कोणी सोडलो? तिना काय मी?"

माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं, यजमान म्हणतात की असू नये तितकं असतं. भिंत बसली, लोट आला, आणि मग त्यांचा रिकामा हात. मधलं काही मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत उघाडीवरची तीच भीती होती, मी हाक मारून परत आणलेली.

"पाण्यान सोडवलो, दाजी," मी म्हटलं. "तुमी नाय, तेंनी नाय. पाण्यान."

त्यांनी ते ऐकलं. मान हलवली. पटलं की नाही, कोण जाणे. मग बाजूला पडलेल्या सुंभाचं टोक उचलून माझ्या हातात दिलं आणि खांबाला पाठ टेकली.

"मगे घट बांध," ते म्हणाले.

मी घट्ट बांधलं. बाहेर लख्ख ऊन होतं.